बिनइंजिनाचं विमान

टेबल मोकळं करा. कटर, फेविकॉल, पुठ्ठे, सगळं सध्या खुर्चीवर जाऊ द्या. समोर एक मोठा कागद, पट्टी आणि पेन्सिल, एवढंच. कागदावर 48 सेंटिमीटरची रेघ ओढा. तिला छेदणारी साडेछत्तीस सेंटिमीटरची दुसरी. आता पेन्सिल खाली ठेवा, हात मांडीवर घ्या आणि त्या फुलीकडे थोडा वेळ नुसतं बघत बसा.

ही फुली म्हणजे होर्सा. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश ग्लायडर. खरं विमान पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 88 फूट, लांबीला 67 फूट. 28 मिलिमीटरच्या छोट्या शिपायांशी जुळवायचं तर टेबलावर लढाया खेळणारे वॉरगेमवाले 1:56 हे प्रमाण धरतात, आणि 88 फुटांचे 48 सेंटिमीटर होतात. खेळाचं टेबल असतं सहा फूट बाय चार फूट. तीन होर्सा शेजारी शेजारी ठेवली की ते जवळपास भरलं. लागणार तीनच, कारण 6 जून 1944च्या मध्यरात्री नॉर्मंडीत, काँच्या कालव्यावरच्या बेनूव्हिल पुलाशेजारी, तो पूल ताब्यात घ्यायला, तीनच उतरली. पण आज एकच. बाकीच्या दोहोंना वाट बघू द्या.

पुठ्ठ्याची पहिली कडी कापा. नळीसारख्या धडाचा हा गोल काप. प्लंबरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणला तर हे धड पाच मिनिटांत होतं. मी एकदा तसं केलंही आहे. दिसायला बरं दिसलं, पण हातात घेतलं की नळकामच वाटायचं. मूळ होर्साचं धड लाकडी कड्यांवर लांब पट्ट्या बसवून, वरून पातळ प्लायवुडची कातडी चढवून केलेलं होतं. तेव्हा कडीच कापा, तीही सावकाश. एका ओढीत आरपार जायचं नाही; तीन-चार हलक्या ओढी द्यायच्या. कटरचा आवाज ऐका. कडेला उठलेली लव काचपेपरने बसवा. दुसरी कडी पहिलीवर ठेवून बघा. जुळत नसेल तर रागावू नका, तिसरी कापा.

हात या कामात असताना मनात लंडनमधला फर्निचरचा एक कारखाना आणा. हॅरिस लेबस. कपाटं आणि पलंग करणारी माणसं. धातू इतर विमानांना हवा होता, म्हणून ग्लायडर लाकडाचं करायचं ठरलं आणि काम सुतारांकडे आलं. भाग कारखान्यात व्हायचे, जोडणी हवाई दलाच्या तळावर. फर्निचरच्या कारखान्याला धावपट्टी कुठून असणार? साडेतीन हजारांहून अधिक होर्सा तयार झाली. त्यांतलं एकही आज संपूर्ण उरलेलं नाही. नॉर्मंडीतल्या रानव्हिलच्या संग्रहालयात उभं आहे ते नंतर बांधलेलं, पूर्ण आकाराचं मॉडेल. म्हणजे तिथली माणसंही आपल्याच धंद्यातली म्हणायची.

कड्या ओळीने उभ्या राहिल्या, पट्ट्या बसल्या, कातडी अजून चढायची आहे. इथे थांबा. घाईने कातडी चढवलीत तर एक प्रश्न कायमचा आत बंद होईल: माणसं बसणार कुठे?

आपला शिपाई 25 मिलिमीटरच्या गोल तळावर उभा असतो. दोन शेजारी ठेवले की झाले 50. धडाची बाहेरची रुंदीच चार सेंटिमीटरच्या आसपास. खऱ्या विमानात त्या रात्री साधारण 28 सैनिक आणि दोन वैमानिक होते. माझ्या सांगाड्यात एका रांगेत आठ शिपाई कसेबसे उभे राहिले. चिडून मी 1:48चा हिशोब केला. पंख 56 सेंटिमीटरवर गेले, तरी दोन तळ शेजारी मावेनात. काही जण धड गुपचूप फुगवतात. मला ते पटत नाही. फुगवलेलं होर्सा पाव खाऊन सुस्तावल्यासारखं दिसतं. मी छप्पर उचलता येईल असं केलं, आत दोन बाजूंना बाक बसवले आणि ते रिकामे ठेवले. तुकडी बाहेर, गवतावर ठेवायची.

त्या रिकाम्या बाकांकडे बघा. या बाकांवर माणसं समोरासमोर बसली होती. ओढून नेणाऱ्या हॅलिफॅक्स विमानाच्या मागे असताना गाणी चालली होती. सुमारे सहा हजार फुटांवर दोर सुटला आणि गाणी थांबली. पुढे दोन वैमानिक, होकायंत्र आणि स्टॉपवॉच. इतके सेकंद सरळ, मग वळण, पुन्हा इतके सेकंद. खोलीतला पंखा बंद करा. मिनिटभर बसा. इंजिन नसलेल्या विमानात वाऱ्याचाच आवाज. जमीन जवळ आली की सगळ्यांनी एकमेकांच्या हातांत हात अडकवून पाय वर उचलायचे, असा हुकूम होता. बसल्या बसल्या तुम्हीही पाय उचलून बघा. पोटावर ताण येतो.

रंगकामावर फार बोलत नाही. काळे-पांढरे पट्टे हाताने मारा, टेप लावू नका. त्या दिवसांत ते घाईघाईत ब्रशनेच मारले गेले होते. पहिल्या ग्लायडरच्या अंगावर खडूने लिहिलेला आकडा होता 91. तो मात्र विसरू नका.

राहिलं नाक. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक घेऊन मी त्या नाकाची काच घडवली होती. तीन संध्याकाळी गेल्या, आणि जमलीही. पण उतरताना पहिल्या होर्साचं नाक चेचलं होतं. जिम वॉलवर्क आणि जॉन एन्सवर्थ हे वैमानिक काचेतून बाहेर फेकले गेले. दोघे वाचले. काही मिनिटांत पूल हाती आला, पण पुलावरून पहिले धावलेले लेफ्टनंट डेन ब्रदरिज गोळी लागून गेले, आणि तिसऱ्या ग्लायडरमधला एक सैनिक शेजारच्या तळ्यात बुडून गेला. खेळात पडलेला शिपाई आपण उचलून डबीत ठेवतो. तो ठेवताना पुढच्या वेळी जरा हळू ठेवा.

ते नाक मला महिनाभर मोडवलं नाही. ग्लायडर कपाटावर अखंड पडून होतं, पाहुणे कौतुक करायचे. एका रविवारी खाली घेतलं, काच अंगठ्याने दाबली. आवाज अगदी लहान झाला. मग तुटक्या कडांना कच्च्या लाकडाचा रंग दिला.

तुमचंही वाळलं असेल, तर आता टेबलावर कालवा आणि पूल मांडा. पहिलं ग्लायडर पुलापासून 47 यार्डांवर थांबलं होतं, म्हणजे 43 मीटर. 1:56मध्ये ते 77 सेंटिमीटर होतात. पट्टी घ्या, मोजा आणि मोडलेलं नाक पुलाकडे करून ते तिथे ठेवा.