निर्दोष बायकांपुरतेच हक्क?

वसईतल्या नंदाखालला एका लग्नघरी जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या होत्या. कुणा पुढाऱ्याच्या पत्नीनं महिला मेळाव्यात दारूवर परखड भाषण केलं होतं, त्यावर. ओळखीचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "नवऱ्याच्या खुर्चीमुळे मिळालेला माईक तो. त्यावर घरातली गाऱ्हाणी मांडू नयेत." मास्तर भला माणूस, म्हणूनच ते वाक्य मनातून जाईना.

दारूनं घरं कशी धुळीला मिळतात, हे वसईकरांना सांगायला नको. बायका तिच्याविरुद्ध कशा उभ्या राहिल्या, तेही ठाऊक आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली, ती लोकांच्या रेट्यामुळे. दुकान बंद करण्याच्या मतदानातली ‘आडवी बाटली’ गावोगावच्या बायकांना पाठ आहे. पण या लढ्याच्या चित्रात बाटली नवऱ्याच्या हातात असते आणि बाई भोगणारी. दारूशी लढणारीला आपण मान देतो. दारूत अडकलेली बाई त्या चित्रात कुठेच नसते.

मास्तरांना उत्तर शोधताना मला बेटी फोर्ड आठवल्या. १९७४ च्या ऑगस्टमध्ये पती जेराल्ड फोर्ड अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. काही आठवड्यांतच बेटीबाईंच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि ती त्यांनी लपवली नाही. स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीसाठी त्या राज्यांच्या आमदारांना स्वतः फोन करत. गर्भपाताच्या हक्काचं त्यांनी उघड समर्थन केलं. टीका झाली, तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

हा माईक खुर्चीचाच होता, मान्य. पण १९७७ च्या जानेवारीत खुर्ची गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, घरच्यांनी समोर बसवून त्यांना त्यांच्या व्यसनाबद्दल सांगितलं. त्या लाँग बीचच्या नौदल रुग्णालयात दाखल झाल्या. मानेच्या दुखण्यामुळे सुरू झालेल्या गोळ्यांचं व्यसन त्यांनी लवकर कबूल केलं, दारूचं मात्र जड गेलं. गोळी डॉक्टरनं दिलेली असते, तिला प्रतिष्ठा असते. तरीही त्यांनी दोन्ही जाहीर केली आणि १९८२ साली कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावाचं उपचार केंद्र उघडलं. तिथे स्त्रियांसाठी खास सोय ठेवली.

आपल्याकडे रमाबाई रानड्यांचं सेवासदनातलं मोठं काम उभं राहिलं, तेही पती न्यायमूर्ती रानड्यांच्या निधनानंतर. उसन्या ओळखीनं सुरू झालेला आवाज पुढे स्वतःचा होतो, याला आणखी दाखला कशाला हवा?

मास्तरांना खोडून काढायला बसले, तेव्हा माझं मत असं होतं की घटनादुरुस्तीचा लढा हे बेटीबाईंचं खरं सार्वजनिक काम आणि व्यसन हे खासगी दुःख. लिहिता लिहिता ते उलटलं. समानतेसाठी फोन फिरवणारी बाई आणि गोळ्या-दारूत बुडत चाललेली बाई एकच होती. पहिलीला टाळ्या मिळाल्या, दुसरीला लपवावं लागलं. निर्दोष असेल तोवरच मिळणारा मान हा हक्क नव्हे, ते बक्षीस आहे. चूक झाली, आजार जडला तरी उरतो तो हक्क.

पुरुषांना हा हक्क आपण कधीच दिला आहे. १९८१ साली वांद्र्यात व्यसनमुक्तीसाठी ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन करणारे फादर ज्यो परेरा आपण स्वतः व्यसनातून सावरलो, हे उघड सांगतात आणि त्यामुळे आपला त्यांच्याविषयीचा आदर वाढतो. हेच आपल्या गावातल्या एखाद्या आईनं सांगितलं, तर?

इथे मास्तरांचा एक मुद्दा मला खरा वाटतो. घरातलं बाहेर आलं की किंमत मुलं मोजतात. माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला परवडलं ते छोट्या गावातल्या बाईला परवडत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’मध्ये नाव राखून ठेवण्याची रीत आहे, ती याच भीतीची जाण ठेवून. म्हणून कोणत्याही बाईवर कबुलीची सक्ती नको. पण जिला बोलता येत नाही, तिच्यासाठी जिला माईक मिळाला आहे तिनंच बोललं पाहिजे.

मेळाव्यांत अशा बायकांनी नुसती दारूबंदी मागून भागणार नाही. उपचार केंद्रात बाईसाठी खाट हवी, तेवढे दिवस मुलांना सांभाळणारं कुणी हवं, आणि बरी होऊन परतल्यावर चर्चच्या बाकावर, बचत गटात, माहेरी तिची पूर्वीचीच जागा तिला मिळायला हवी. ही मागणी जोवर मोठ्यानं होत नाही, तोवर आपले स्त्रियांचे हक्क फक्त निर्दोष बायकांचे हक्क राहतील.