उशीखालचे पुस्तक

जे वाचून आनंद होतो, ते वाचल्याची लाज का वाटावी? प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा; पण आपल्या समाजातील पुष्कळ शिकल्यासवरलेल्या भगिनी तो उशीखाली घेऊन निजतात.

कतारमध्ये, दोहाच्या उत्तर भागातील अल दुहैल येथे माझी एक जुनी विद्यार्थिनी संसार करते. मुले निजली की दिवा मालवून ती मोबाईलवर रक्तपिपासू पिशाच्चांच्या प्रेमकथा वाचते. त्याही प्रौढांसाठी लिहिलेल्या. तिने फोनवर विचारले, "बाई, मटणाला मीठ लावून रक्त निथळून काढणारी आपण माणसे. मला हे वाचायला आवडते, हे पाप का?"

हे थट्टेवारी नेण्याजोगे नव्हे. रक्त वर्ज्य, कारण रक्तात प्राण आहे, असे लेवीयच्या १७ व्या अध्यायात सांगितले आहे. पण ते खाण्यासंबंधी. इच्छेविषयी आपल्या जुन्या पंडितांचे एकमत नाही. तालमूदात एके ठिकाणी पापाचा विचार पापाहून जड मानला आहे. उलट रब्बी एलाझार बेन अझर्या यांचे म्हणणे असे की, डुकराचे मांस मला नकोच वाटते असे म्हणू नये. हवेसे वाटते, पण स्वर्गातल्या पित्याने मना केले आहे, असे म्हणावे. मला हे दुसरे मत अधिक प्रामाणिक वाटते. तरीही पहिले टाकून देता येत नाही, कारण कादंबरी म्हणजे मुद्दाम घोळवलेला विचारच.

मात्र तिची लाज तालमूदातून आलेली नाही. ती आम्हा शिक्षकांच्या वर्गातून आलेली आहे! खांडेकर उघड्यावर वाचायचे, बाबुराव अर्नाळकर भूगोलाच्या पुस्तकात लपवायचे. खांडेकरांच्या १९५९ सालच्या 'ययाती'ला पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. भोगासाठी पोटच्या मुलाचे तारुण्य मागणारा राजा रक्तपिपासूहून कमी कसा? पण तो दिवाणखान्यातल्या कपाटात बसतो.

चंद्रकांत काकोडकरांच्या प्रेमकादंबऱ्या अशाच चोरून वाचल्या जात. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. हायकोर्टाने दोषी ठरविले. सुप्रीम कोर्टाने १९६९ साली सोडले. न्यायमूर्तींनी कथेची वाखाणणी केली नाही. ती उच्च दर्जाची नसेल, अभिरुचीही बेताची असेल, पण तेवढ्याने तरुण मुले बिघडत नाहीत, असा त्यांचा आशय होता. सुमार असणे आणि वाईट असणे ह्या दोन गोष्टी कोर्टाने वेगळ्या केल्या. आम्हा शिक्षकांना ते क्वचितच जमते.

वर्णने उघडी असतात, हे खरे. पण वीस वर्षे संसार केलेल्या बाईला त्यात नवे काय कळणार? तिला गोडी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. कुणाला तरी आपली इतकी भूक आहे, आणि तरीही तो ती आवरून धरतो आहे! दिवसभर सर्वांची भूक भागविणाऱ्या बाईला हे स्वप्न पडले तर मी तिला दोष देणार नाही.

मला खटकते ते निराळेच. २००५ साली निघालेल्या 'ट्वायलाइट'मध्ये (ही तर किशोरवयीनांसाठी लिहिलेली) नायक रात्री मुलीच्या खोलीत तिच्या नकळत येतो, ती झोपलेली असताना तिला पाहत बसतो, आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणते. १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'तल्या राक्षसाला घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय प्रथम उंबरा ओलांडता येत नव्हता. नव्या प्रियकराला तेवढीही अट नाही. चुंबनांची पाने घाईने उलटणाऱ्या आया ह्या पानावर थांबत नाहीत. माझ्या विद्यार्थिनीची मुलगी आता तेरा वर्षांची आहे, आणि तोच मोबाईल तिच्याही हाती असतो. ते पान दोघींनी मिळून, दिवा लावून वाचावे, असे मी तिला सांगितले आहे.