रेड्याची समाधी आणि आमचे दूध

मांसाहार सुटल्याशिवाय गळ्यात माळ पडत नाही, हे वारकऱ्याला सांगायला नको. म्हणून कत्तलखान्यांचा विषय निघाला की माळकरी म्हणतो, "आम्ही त्या गावचेच नव्हे." आज त्या गावी जरा जाऊन येऊ.

ते गाव अमेरिकेतले शिकागो. २५ डिसेंबर १८६५ रोजी, ऐन नाताळात, तेथे दलदलीच्या जागेवर 'युनियन स्टॉक यार्ड' हा गुरांचा बाजार उघडला. पूर्वी खाटीक गावापुरते कापी. आता आगगाडीने दूरदूरची गुरे येऊ लागली. १८८० च्या सुमारास बर्फाचे डबे निघाले, तेव्हा मांसच शेकडो कोस जाऊ लागले. त्याच काळात तिथल्या माळरानावरचे कोट्यवधी बायसन, म्हणजे रानबैल, कातड्यासाठी मारून मारून शेकड्यांवर आणले आणि मोकळ्या कुरणांत विक्रीची गुरे सोडली.

रक्त, आतडी जवळच्या नदीच्या फाट्यात जात. तळाशी ती कुजत आणि वायूचे बुडबुडे वर येत. लोकांनी त्याला नाव दिले 'बबली क्रीक', बुडबुड्यांचा ओढा! १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी निघाली आणि त्याच साली मांसतपासणीचा कायदा झाला. कायदा झाला तो खाणाराच्या पोटासाठी हो, जनावराचे काय? बाजार १९७१ साली उठला, पण ओढ्याचा तळ अजून निवळलेला नाही.

आज ब्राझीलात अमेझॉनचे जंगल तुटते ते सर्वांत जास्त गुरांच्या कुरणांपायी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली हिशेब मांडला, की माणसाच्या करणीने हवेत जाणाऱ्या, उष्णता कोंडणाऱ्या वायूंपैकी सुमारे साडेचौदा टक्के पशुपालनातून निघतात. माळकऱ्याने येथे थांबावे. त्या हिशेबात दूधही आहे. रवंथ करणारे जनावर ढेकरेवाटे मिथेन वायू सोडते, मग ते कापायचे असो की पिळायचे.

आणि बघा, म्हैस व्याली. रेडी झाली तर ठेवायची. रेडा झाला तर? नांगराला ट्रॅक्टर आहे, त्याच्या वाटचे दूध डेअरीला गेले. तो उपाशी मरतो, नाहीतर व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाय राखली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल राखला. रेडा-म्हैस त्या बंदीत नाहीत. आपल्या देशातून परदेशी रवाना होणारे मांस मुख्यतः त्यांचेच, आणि त्या व्यापारात आपला देश जगातल्या मोठ्या विक्रेत्यांपैकी आहे.

माउलींनी पैठणास वेद वदविले ते कोणाच्या मुखी? जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधी आहे, आम्ही तेथे माथा टेकतो. आता दूध सोडा असे आम्ही म्हणत नाही. विठोबाच्या पंचामृतालाही ते लागते. परंतु झेपतील तेवढीच जनावरे बाळगावीत, आणि आषाढीची दिंडी निघण्याआधी गावच्या मंडळींत एवढे विचारावे: सालभरात आपल्या माळकऱ्यांच्या घरी किती म्हशी व्याल्या, आणि त्यांचे रेडे आज कोणाच्या दावणीला आहेत?