अडीच लाख मतांचं काय झालं?

४ जून २०२४ रोजी बुलढाणा लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी संपली तेव्हा शिंदे यांच्या शिवसेनेचे प्रतापराव जाधव ३,४९,८६७ मतांवर होते. ठाकरे यांच्या शिवसेनेचे नरेंद्र खेडेकर ३,२०,३८८ वर थांबले. फरक २९,४७९. वाहिन्यांच्या पट्टीवर आमचा मतदारसंघ आला तो एवढाच: एक सेना जिंकली, दुसरी हरली. २०१९ ला याच जाधवांनी राजेंद्र शिंगणे यांना सव्वा लाखाहून अधिक मतांनी हरवलं होतं. तेव्हा सेना एक होती आणि राष्ट्रवादीही एकच होती.

पट्टीवर न आलेले आकडे इथे नीट लिहून ठेवायला हवेत. अपक्ष उभे राहिलेले शेतकरी नेते रविकांत तुपकर यांना २,४९,९६३ मतं पडली. वंचित बहुजन आघाडीचे वसंतराव मगर यांना ९८,४४१. दोघांची बेरीज ३,४८,४०४ होते. म्हणजे महायुती आणि महाविकास आघाडी या दोन्ही तंबूंच्या बाहेर पडलेली मतं विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा जेमतेम दीड हजारानं कमी आहेत. ज्या निवडणुकीला महाराष्ट्रभर दुरंगी म्हटलं गेलं, त्या निवडणुकीत आमच्या मतदारसंघानं मतांचे जवळजवळ सारखे तीन वाटे केले.

तुपकरांवरही भरपूर बोललं गेलं, नाही असं नाही. पण प्रश्न ठरलेला होता. यांनी मतं कोणाची खाल्ली? खेडेकरांना पाडायला हे उभे राहिले, की जाधवांची मतं यांच्याकडे वळली? मगरांच्या बाबतीत तर ‘बी टीम’ हा शब्द निकालाच्या आधीच तयार असतो. या विचारण्यातच एक गृहीत दडलेलं आहे: मत आधीपासून कुठल्यातरी पक्षाच्या मालकीचं असतं आणि तिसरा माणूस येऊन ते पळवून नेतो. कास्तकार सोयाबीनच्या भावासाठी विचारपूर्वक कोणाला मत देऊ शकतो, वस्तीतला माणूस दोन्ही आघाड्यांनी आपल्याला गृहीत धरलं म्हणून तिसरीकडे जाऊ शकतो, याला त्या विश्लेषणात जागाच नाही. मला याचा राग येतो. तुपकर माझे नेते आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या राजकारणातही व्यक्तीभोवती फिरण्याचा दोष आहे आणि तो मला दिसतो. राग यासाठी येतो, की अडीच लाख लोकांनी एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकण्याऐवजी आपण तिची वजाबाकी करून मोकळे झालो.

काय सांगत होते ते लोक? चिखलीच्या किंवा खामगावच्या बाजार समितीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक सकाळ उभं राहिलं तर कळतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री असते, खाली सोयाबीन. खरेदीदार मूठभर दाणे घेतो, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो, झाकण फिरवतो. छोट्या पडद्यावर आकडा येतो आणि पोरीच्या शिक्षणापासून कृषी केंद्राच्या उधारीपर्यंतचे सगळे हिशेब त्या आकड्यावर येऊन थांबतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होते. हमीभावानं विकायचं तर सरकारी केंद्रावर जा, आणि तिथे ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. परतीच्या पावसानंतर सुडी मोडून काढलेला माल १२ टक्क्यांत कसा बसणार? मग तोच माल व्यापाऱ्याला, व्यापारी म्हणेल त्या भावानं. ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा आदेश निघाला तो नोव्हेंबरच्या मध्यात, विधानसभेच्या मतदानाला आठवडाही उरला नव्हता तेव्हा. ज्यांच्या डोक्यावर देणं होतं त्यांनी त्याआधीच माल विकलेला होता. पुढे खरेदीनं वेग घेतला तर बारदाना कमी पडला.

यातली प्रत्येक गोष्ट बातमी आहे. मर्यादा १२ टक्केच का, ती कोण ठरवतं, बारदान्याची मागणी कधी नोंदवली गेली, कुठे अडली, जिल्ह्यात नोंदणी किती कास्तकारांनी केली आणि माल किती जणांचा घेतला गेला. हे शोधायला दिल्लीला जावं लागत नाही, जिल्हा पणन अधिकाऱ्याच्या कार्यालयात जावं लागतं. जूनमध्ये महाविकास आघाडीला राज्यात ४८ पैकी ३० जागा मिळाल्या तेव्हा कांदा, कापूस आणि सोयाबीननं महायुतीला पाडलं, असं सगळेच सांगत होते. नोव्हेंबरात महायुतीनं राज्य एकहाती घेतलं तेव्हा लाडक्या बहिणीनं जिंकवलं, असं तेच सगळे सांगू लागले. सोयाबीनचा भाव जूनपेक्षा काही बरा झाला नव्हता. पण चर्चेतून सोयाबीन गेलं ते गेलंच. पिकाचा भाव हा निकालाचं कारण म्हणून कामाला येत असेल तरच चर्चेत येतो, एरवी नाही.

एका बाबतीत मात्र सरसकट वाहिन्यांना दोष देऊन भागणार नाही. पक्ष फुटले त्याचा आपल्या बोलण्यावर झालेला परिणाम आपण नीट पाहिलेला नाही. जून २०२२ नंतर आमच्या जिल्ह्यात दोन सेना झाल्या, जुलै २०२३ नंतर दोन राष्ट्रवादी. सिंदखेडराजाचे शिंगणे अजितदादांबरोबर गेले, विधानसभेच्या तोंडावर शरद पवारांकडे परतले आणि अजितदादांच्याच पक्षाच्या मनोज कायंदे यांच्याकडून हरले. कार्यकर्ते तेच, बॅनर छापणारा तोच, भाषणातली वाक्यंसुद्धा पुष्कळशी तीच. दोन बाजूंमधला विचारांचा फरक असा पुसट झाला की भांडण निवळायला हवं, असं वाटेल. झालं उलटं. धोरणावर बोलायला काही उरलं नाही तेव्हा निष्ठेवर बोलणं सुरू झालं. गद्दार कोण, खरा वारस कोण, खोके कोणी घेतले. निष्ठेच्या भांडणात पुरावा लागत नाही, माहिती लागत नाही, फक्त आवाज लागतो. असं भांडण पडद्यावर दाखवायला स्वस्त पडतं. चार खिडक्यांत चार प्रवक्ते बसवले की तास निघतो. बारदान्याची बातमी काढायला माणूस, गाडी आणि दोन दिवस लागतात.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. आमच्या जिल्ह्यानं याचं जे रूप पाहिलं ते मला विसरता येत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा शिवारात उलटली आणि पेटली. २५ माणसं जळून गेली. देह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. उजाडेपर्यंत साऱ्या देशाचे कॅमेरे आमच्याकडे वळले. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री येऊन गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी २ जुलैला, बुलढाण्यात २४ जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले. नागपूर, वर्धा, यवतमाळकडून आलेले नातेवाईक परक्या गावच्या स्मशानभूमीत आपल्या माणसाला निरोप देत होते. त्याच दुपारी मुंबईत राजभवनावर अजित पवार आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांचा शपथविधी झाला. त्या क्षणापासून महाराष्ट्रात दुसरी बातमीच उरली नाही. कोण कोणाबरोबर, आकडा किती, घड्याळ कोणाचं. बसमधून बाहेर पडायची वाट का बंद झाली, रात्रभर गाडी हाकणाऱ्या चालकांच्या विश्रांतीचं काय, सरळसोट रस्त्यावर चालकाची नजर बधिर होऊ नये म्हणून काय केलं, हे प्रश्न चितेशेजारीच राहिले. साडेतीन महिन्यांनी त्याच समृद्धीवर वैजापूरजवळ आमच्या सैलानीबाबांचं दर्शन घेऊन परतणाऱ्या १२ भाविकांचा जीव गेला.

शपथविधी दाखवू नये, असं कोण म्हणेल? सरकारचं रूप बदलत होतं, ते दाखवायलाच हवं होतं. पण सोमवार आला, मंगळवार आला, आठवडा गेला, तरी कोणी पिंपळखुट्याला परतलं नाही. बाजू बदलण्याच्या बातमीला रोज नवा अंक असतो. रस्त्याच्या, दवाखान्याच्या, पाण्याच्या बातमीला तो अंक खणून काढावा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये कॅमेरे पुन्हा आले. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांतल्या माणसांचे केस तीन-चार दिवसांत गळून डोकी उघडी पडू लागली. बायका, पोरं, म्हातारे, कोणीच सुटलं नाही. ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन वाहिन्यांनी ते देशभर दाखवलं. विषाणू सापडलेला नसताना हे नाव कोणी ठरवलं? त्या नावानं गावं बदनाम झाली आणि जुळत आलेल्या सोयरिकी अडल्या. आयसीएमआरची पथकं नमुने घेऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतः अभ्यास करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथून पुढे खरी बातमी सुरू व्हायला हवी होती: हा गहू कुठून आला, कोणी तपासला, आणखी कोणत्या तालुक्यांत वाटला गेला. केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्री म्हणून आमचेच खासदार बसले आहेत, म्हणजे प्रश्न विचारायला पत्ताही शोधावा लागला नसता. पण एका बाजूच्या लोकांना ते मंत्र्यांना झोडपायचं निमित्त वाटलं आणि दुसऱ्या बाजूच्यांना जिल्ह्याची बदनामी. गव्हाची चौकशी या दोघांत कोणालाच आपली वाटली नाही. जुलैत बुलढाण्याच्या आमदारांनी आकाशवाणी आमदार निवासाच्या कॅन्टीनमध्ये निकृष्ट डाळीवरून कर्मचाऱ्याला मारहाण केली, ती चित्रफीत मात्र राज्यानं दिवसभर पाहिली.

गावपातळीवरच्या वार्ताहराला मी यात आरोपी करणार नाही. तालुक्याच्या प्रतिनिधीला पगार नसतो. मिळालं तर नावापुरतं मानधन, बाकी जाहिरातीवरचं कमिशन. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, वर्धापनदिन अशा पुरवण्यांसाठी त्याला रकमेचं लक्ष्य दिलेलं असतं. ते पुरं होतं नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर, बाजार समितीच्या, पतसंस्थांच्या, शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींवर, आणि या सगळ्या संस्था कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या हातात असतात. सोमवारी ज्याच्याकडे पानभर जाहिरात मागायला जायचं, त्याच्या संस्थेतल्या घोळाची बातमी रविवारी कशी द्यायची? २००९ च्या विधानसभेच्या वेळी पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचं प्रकरण पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातूनच उघड केलं. पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं नावानिशी सविस्तर अहवाल दिला. त्यानंतरही गावाकडच्या पत्रकाराच्या पोटापाण्याची व्यवस्था बदलली नाही. ती बदलत नाही तोवर त्याच्याकडून निर्भीडपणाची अपेक्षा करणं हे मला अन्यायाचं वाटतं. आपण वाचक दर महिन्याला मोबाइलच्या रिचार्जला तीनशे रुपये देतो आणि पेपरच्या बिलाला कुरकुर करतो, हेही त्याच हिशेबातलं आहे.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कशी नजरेआड झाली याचं मला आश्चर्य वाटतं. बुलढाणा जिल्हा परिषदेची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये तिथे प्रशासक आला. ओबीसी आरक्षण, गट-रचना, न्यायालयातल्या तारखा अशी कारणं साचत गेली. या काळात आपण एकदा लोकसभेला आणि एकदा विधानसभेला मतदान केलं. दोन्ही वेळा राज्यघटना, वारसा, हिंदुत्व, गद्दारी यांवर रात्र रात्र वाद घातले, सोयऱ्याधायऱ्यांशी बोलणं टाकलं. पण प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेची शाळा, गावचा जोडरस्ता, नळयोजना हे ज्यांच्याकडे जाऊन मागायचं ते सदस्य तीन वर्षांहून जास्त काळ अस्तित्वातच नव्हते. बोंडगावच्या माणसाला केस गळायला लागल्यावर दार वाजवायला जिल्हा परिषद सदस्याचं घर नव्हतं. खामगाव-जालना रेल्वेची शंभर वर्षांहून जुनी मागणी आणि पूर्णेवरचा दशकानुदशकं रखडलेला जिगाव प्रकल्प दर लोकसभेला भाषणात येतात. जिल्हा परिषद नाही, ही गोष्ट एकाही मोठ्या सभेत मी ऐकली नाही, आणि तिच्यावर वाहिनीवर तासाभराची चर्चा झालेलीही माझ्या पाहण्यात नाही. हे कुठल्याही बाजूचं अपयश ठरत नव्हतं, म्हणून ते कोणाच्या कामाचं नव्हतं. महाविकास आघाडीच्या काळात मुदत संपली, महायुतीच्या काळात प्रशासक राहिला.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्यानंतर २०२५ मध्येच गट-गणांची रचना झाली, इच्छुकांचे फलक लागले. हा दिवाळी अंक हाती पडेल तेव्हा प्रत्येक गावात कोणत्या सेनेचं तिकीट कोणाला, याचीच चर्चा असेल. तालुक्याच्या पत्रकारांना, शिक्षकांना, बचत गटांतल्या भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की आपापल्या गटासाठी एक कागद तयार करा. आपल्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याची पदं किती मंजूर, किती भरलेली. शाळेत वर्ग किती, शिक्षक किती. जळगाव जामोद-संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात असाल तर वान धरणावरच्या १४० गावांच्या योजनेचं पाणी गावात महिन्यातून किती दिवस येतं. सोयाबीन खरेदीची नोंदणी किती जणांची, माल किती जणांचा गेला. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. हा कागद मतदानाच्या आधी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवा, त्याचं उत्तर त्याच्या सहीनिशी घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. पुढच्या दिवाळीत तोच कागद तसाच पुन्हा छापायला या अंकाच्या संपादकांनी दोन पानं राखून ठेवावीत, ही मागणी मी त्यांच्याकडे लेखी केली आहे.