घटस्फोटाची वाट विचारणारास काय सांगावें?

सायंप्रार्थना आटोपून लोक घरोघर जातात. मागें एक बहीण राहते. ती खालीं मान घालून उपदेशकास विचारते, “दादा, नवऱ्यानें घालवून दिल्याला तीन वर्षें झालीं. आतां वकिलाकडे जाऊं काय? गेलें तर पाप लागेल काय?” असा प्रसंग खेड्यांतील मंडळ्यांच्या सेवकांवर केव्हां ना केव्हां येतोच. पुष्कळ जण तेथें गप्प बसतात. कोणी “सोस, प्रभु पाहील,” असें म्हणून तिची बोळवण करितात. कोणी पंच बोलावून स्टँपच्या कागदावर फारकत लिहवून देतात. या तिन्ही उत्तरांत चूक आहे असें आम्हांस वाटतें, आणि ती कशी हें वाचकांपुढें मांडावें असा आमचा विचार आहे.

प्रथम हरकतींकडे वळूं. विवाहाचा बंध मनुष्यानें मनास येईल तसा तोडावा असा नाहीं, हें आपल्या प्रभूचें शिक्षण आहे, व त्यास आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाहीं. दुसरी हरकत करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून निघते. भावाभावांचे तंटे मंडळीबाहेरील न्यायाधीशांपुढें नेल्याबद्दल पौलानें तेथें कडक शब्दांत दोष दिला आहे. मग विश्वासी स्त्रीनें कोर्टाची पायरी चढावी तरी कशी?

परंतु तोच पौल, जिवावर बेतलें तेव्हां, आपण रोमी नागरिक आहों हें सांगण्यास कचरला नाहीं, आणि शेवटीं त्यानें कैसराकडे दाद मागितली. त्याचा रोष लोभानें व ईर्ष्येनें भांडणारांवर होता. अन्यायाखालीं दबलेल्यानें संरक्षण मागण्यावर नव्हता, असें आम्ही समजतों. मोशाच्या नियमशास्त्रांतही पत्नीस टाकणाऱ्या पुरुषानें सूटपत्र लिहून तिच्या हातीं द्यावें असें आहे. तें मनुष्याच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळें होतें, हें खरें. पण कठोर अंतःकरणें आजही आहेत. आणि तीं आहेत तोंवर टाकलेल्या स्त्रीच्या हातीं कांहींतरी लेखी व पक्कें असावें, ही गरजही आहे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. ख्रिस्ती विवाहास १८६९ सालचा घटस्फोट कायदा लागू आहे. त्यांत पूर्वीं मोठा पक्षपात होता. पत्नीच्या व्यभिचाराच्या एकट्या कारणावरून पतीस सुटका मिळे. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा त्याग अशी आणखी गोष्ट शाबीत करावी लागे. मुंबई उच्च न्यायालयानें १९९७ सालीं हा भेद घटनाविरुद्ध ठरविला, व २००१ सालीं संसदेनें कायदाच सुधारला. आतां व्यभिचार, एकत्र राहणें अपायकारक होईल अशी वाजवी भीति वाटण्याजोगा क्रूरपणा, निदान दोन वर्षांचा त्याग, सात वर्षें ठावठिकाणा नसणें, इत्यादि कारणें दोघांसही सारखींच आहेत. दोघांच्या संमतीनें सुटका मागण्याची सोयही त्याच वेळीं झाली. तिच्यासाठीं दोन वर्षें वेगळें राहिलेलें असावें असें कलमांत आहे, व अर्ज केल्यावर सहा महिन्यांनीं दोघांनीं पुन्हां येऊन आपला विचार कायम असल्याचें सांगावयाचें असतें. केरळ उच्च न्यायालयानें २०१० सालीं दोन वर्षांच्या जागीं एक वर्ष धरलें आहे. आपल्या न्यायालयांत कोणती मुदत चालते तें वकिलासच विचारावें.

ज्यांचा विवेक घटस्फोटास धजत नाहीं, पण ज्यांस एका छपराखालीं राहणें अशक्य झालें आहे, त्यांस याच कायद्यांत न्यायालयीन विभक्ततेची वाट आहे. व्यभिचार, क्रूरपणा किंवा दोन वर्षांचा त्याग या कारणांवरून ती मिळते. तिनें विवाह तुटत नाहीं व पुनर्विवाहाची मोकळीक मिळत नाहीं. मात्र सक्तीचा सहवास संपतो. पोटगीसाठीं तर घटस्फोट मागण्याचेंही कारण नाहीं. पूर्वींच्या फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखालीं जो अर्ज होई, तो १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखालीं करितां येतो. मारहाण होत असेल तर २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानें संरक्षणाचा व राहत्या घरांत राहूं देण्याचा हुकूम मिळूं शकतो. या गोष्टी आमच्या किती बहिणींस ठाऊक आहेत? “सोस” असें सांगणाऱ्या सेवकास तरी त्या ठाऊक असतात काय?

पंचांच्या फारकतीविषयीं अधिक स्पष्ट बोललें पाहिजे. ख्रिस्ती विवाह पंचांच्या सह्यांनीं तुटत नाहीं. मंडळीच्या अधिकाऱ्यांनीं विवाह रद्द ठरविला तरी देशाच्या कायद्यापुढें तो रद्द होत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं तशी मागणी नाकारली. अशा कागदाच्या भरंवशावर जो दुसरें लग्न करितो, त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. आणि ज्या दुसऱ्या स्त्रीस फसवून आणिलें, तिच्या वांट्यास पत्नीचा हक्कही येत नाहीं. म्हणजे सलोख्याच्या नांवाखालीं आपण एका घराऐवजीं दोन घरें बुडवितों. हें अज्ञान निष्पाप आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

मग रीत कोणती? तालुक्याच्या न्यायालयांत विधि सेवा समिति असते. १९८७ सालच्या कायद्याप्रमाणें स्त्रियांस, मुलांस, तसेंच अनुसूचित जातिजमातींच्या लोकांस, उत्पन्न न पाहतां तेथून फुकट वकील मिळतो. लग्न जेथें लागलें, पतिपत्नी जेथें राहतात किंवा शेवटीं जेथें एकत्र राहत होतीं, तेथील जिल्हा न्यायालयांत अर्ज करावयाचा; कुटुंब न्यायालय असेल तर त्यांत. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, औषधोपचाराचे कागद, पूर्वीं दिलेल्या तक्रारींच्या नकला बरोबर न्याव्या. अर्ज दाखल झाल्यावर दुसऱ्या पक्षास समन्स जातें, तो लेखी जबाब देतो, मग पुरावा व उलटतपासणी होते. दरम्यानच्या काळांत खर्चापुरती पोटगी व मुलांचा ताबा यांविषयीं हुकूम मागतां येतो. कोणाचीही इच्छा असेल तर कुटुंब न्यायालय बंद दाराआड काम चालवितें. चारचौघांत अब्रू जाईल या भीतीनें मागें राहण्याचें कारण नाहीं. हुकूमनामा झाला म्हणून दुसऱ्या दिवशीं लग्न करूं नये. अपिलाची मुदत संपावी किंवा अपील निकालांत निघावें लागतें.

येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत घ्यावी. १९८४ सालच्या कुटुंब न्यायालय कायद्यानें न्यायाधीशावर पहिलें कर्तव्य घातलें आहे तें समेटाचा प्रयत्न करण्याचें. त्यासाठीं तेथें समुपदेशक असतात. त्या न्यायालयांत वकील उभा करणें हा पक्षकाराचा हक्क नव्हे; न्यायालयाची परवानगी लागते. हेतु हा कीं, दोघांनीं आपल्या तोंडानें आपलें दुःख सांगावें. तेव्हां कोर्टाची वाट म्हणजे घर मोडण्याचीच वाट, असें समजणें बरोबर नाहीं.

इतकें असूनही पापाची जागा या कामांत आहे. पण ती लोक समजतात तेथें नाहीं. ती अर्जाच्या मजकुरांत आहे. एक थप्पड मारली असतां जीव घेण्याचा प्रयत्न केला असें लिहविणें. पोटगी चुकविण्यासाठीं निष्कलंक पत्नीवर व्यभिचाराचा आळ घालणें. जमीन भावाच्या नांवें करून “मी मजूर आहें” असें शपथेवर सांगणें. लेकराला पढवून आईविरुद्ध किंवा बापाविरुद्ध बोलविणें, हीं पापें होत. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा नियम घालून दिला कीं, पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनीं आपलें उत्पन्न, मालमत्ता व देणें यांचें प्रतिज्ञापत्र द्यावें, व पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. सत्य बोलणाऱ्यास या प्रतिज्ञापत्राची भीति वाटावयाचें कारण नाहीं.

म्हणून वकिलाची मदत कशी घ्यावी हाही नीतीचा प्रश्न आहे. त्यास सर्व सांगावें, आपली चूकही सांगावी. जो पक्षकार वकिलापासून लपवितो, तो उलटतपासणींत उघडा पडतो. लिहिलेला अर्ज वाचून घेतल्याशिवाय, वाचतां येत नसेल तर भरंवशाच्या माणसाकडून वाचवून घेतल्याशिवाय, अंगठा उठवूं नये. “हें मीं सांगितलें नव्हतें, हें काढा,” असें म्हणण्याचा पक्षकारास अधिकार आहे, व विश्वासी माणसाचें तें कर्तव्यही आहे. चांगला वकील त्याबद्दल रागावणार नाहीं.

कोणी म्हणेल, “अशी माहिती दिली तर घरें भराभर मोडतील.” ही भीति आम्ही हलकी मानीत नाहीं. पण विचार करा, अज्ञानानें जें टिकतें तें काय असतें? बलवानाचा जोर टिकतो, दुबळ्याचें मुकेपण टिकतें; आणि त्या दोहोंस आपण विवाह असें नांव देतों. पतीस ठाऊक असेल कीं पत्नीस दाद मागतां येते, तर तो हात उगारण्यापूर्वीं थांबण्याचाही संभव आहे. वाट दाखविणें म्हणजे त्या वाटेवर ढकलणें नव्हे.

तेव्हां त्या बहिणीस काय सांगावें? “जा” असेंही नव्हे, आणि “जाऊं नको” असेंही नव्हे. तो निर्णय तिचा आहे, व त्याचा जाब तिला देवापुढें द्यावयाचा आहे. सेवकानें तिचें ऐकून घ्यावें. पति भेटत असेल तर त्याचेंही ऐकावें, व समेटास जागा असेल तर मनापासून खटपट करावी. परंतु मारहाणीचें भय असतां, जामीनकीशिवाय तिला परत पाठवूं नये. मग कायद्याच्या वाटा सांगाव्या, आणि तालुक्यास जाणाऱ्या बसमध्यें तिला एकटीला बसवूं नये. बायबल स्त्रीनें किंवा वडीलधाऱ्या एखाद्या बाईनें सोबत जावें. निकाल कसाही लागो, पुढच्या रविवारीं ती मंदिरांत येईल तेव्हां तिच्यासाठीं चटईवर जागा असावी. न्यायालय हुकूमनामा देऊं शकतें, पण ही जागा त्याला देतां येत नाहीं. ती मंडळीनेंच दिली पाहिजे.