विचारतोस काय?

घरातला कॉम्प्युटर दुसऱ्या गावाहून चालवणं यात आता नवल राहिलेलं नाही. नोकरीसाठी शहरात आलेल्या आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं हे बिनपगारी जोडकाम आहे. माझे आईबाबा कराडला, मी पुण्यात. बाबांचा फोन येतो, प्रिंटर ऑफलाइन म्हणतोय. मी ॲप उघडतो, नंबर टाकतो, तिकडे त्यांच्या स्क्रीनवर एक खिडकी उगवते. त्यांनी 'ॲक्सेप्ट' दाबलं की माझा माऊस त्यांच्या टेबलावर फिरायला लागतो.

वाद त्या एका बटणावरून आहे. दर वेळी ते दाबायला बाबांना खुर्चीत बसावं लागतं, चष्मा शोधावा लागतो, आणि खिडकी कधी दुसऱ्या खिडकीमागे लपते. "विचारतोस काय दर वेळी? घर तुझंच आहे," असं ते म्हणतात. नाशिकची ताई तर म्हणते, कायमचा पासवर्ड टाकून मोकळा हो. बऱ्याच ॲप्समध्ये तशी सोय असते. पलीकडे कोणी नसलं तरी आत जाता येतं. दोन मिनिटांचं काम. मी ते केलेलं नाही, आणि माझं कारण तांत्रिक नाही.

आत काय घडतं ते सोपं आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या 'ऑलिव्हेटी अँड ओरॅकल रिसर्च लॅब'ने १९९८ साली 'व्हीएनसी' नावाचं सॉफ्टवेअर सोर्स कोडसकट खुलं केलं. त्यातली कल्पना अशी, की स्क्रीनवरचे जे चौकोन बदलले तेवढे चित्र म्हणून पलीकडे पाठवायचे, आणि पलीकडून मुख्यतः दोन गोष्टी परत घ्यायच्या: कोणतं बटण दाबलं, आणि माऊस कुठे आहे. आजच्या ॲप्सनी यावर बरेच मजले चढवलेत, पण कल्पना तीच. कीबोर्डवरचं बोट कराडचं की पुण्याचं, याची कॉम्प्युटरला फिकीर नसते. लॉगिन बाबांच्या नावाचं आहे, म्हणजे मी जे केलं ते बाबांनी केलं. मी पाठवलेली मेल त्यांची, मी पुसलेली फाइल त्यांनी पुसलेली. एखाद्याच्या हातात आपला हात घालून सही करावी, तसं.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९९८ मध्ये, लास व्हेगासच्या 'डेफकॉन' संमेलनात 'कल्ट ऑफ द डेड काऊ' या हॅकर मंडळींनी 'बॅक ऑरिफिस' नावाचा प्रोग्राम बाहेर काढला. विंडोज ९५ आणि ९८ चालणारी मशीन्स त्याने लांबून ताब्यात घेता यायची. व्हीएनसी जे करायचं त्यातलं बरंच हाही करायचा. फरक मला एकच दाखवावासा वाटतो. व्हीएनसीचं छोटं चिन्ह घड्याळाशेजारी दिसायचं, याचं काहीच दिसत नसे. एक हत्यार, एक घरफोडीचं साधन, आणि मध्ये सोळा बाय सोळा पिक्सेलचं चित्र! इंजिनिअरिंगला नीतिमत्तेवर जे शिकवलं ते परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करण्यापुरतं होतं. त्याऐवजी ही जोडी शिकवली असती तर तास सत्कारणी लागला असता.

अशा छोट्या तपशिलांत बनवणाऱ्याचं मत दडलेलं असतं. विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांना तुम्ही लांबून 'रिमोट डेस्कटॉप'ने जोडलात, तर प्रो आवृत्ती नाही म्हणून जमतच नाही. आणि प्रो असेल तर समोर बसलेल्या माणसाची स्क्रीन लॉक होते. एका वेळी एकच माणूस बसणार, असं ते गृहीतक. ऑफिसातलं स्वतःचंच मशीन घरून उघडायला ते योग्य आहे. पण बाबांच्या बाबतीत त्याचा अर्थ, जरा बाहेर थांबा, मी तुमचं कपाट बघून घेतो. याउलट २००१ सालच्या विंडोज एक्सपीत 'रिमोट असिस्टन्स' होतं. त्यात आमंत्रण घरच्या माणसाने द्यायचं, पाहुण्याने आधी नुसतं बघायचं, ताबा हवा तर पुन्हा विचारायचं. आणि घरच्याने 'एस्केप' दाबलं की ताबा सुटला. पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी एवढा विचार केला होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी प्रिंटर हवा होता, आणि तो रुसला होता. बाबांनी 'ॲक्सेप्ट' दाबलं, मी ड्रायव्हर शोधायला लागलो. डेस्कटॉपच्या डाव्या कोपऱ्यात एक वर्डची फाइल होती: 'इच्छापत्र कच्चे'. नाव वाचायचं नाही असं ठरवता येत नाही, डोळ्यांनी वाचून झालेलं असतं. माझा बाण जागेवर थांबला. मग तो थरथरला. पलीकडे बाबांनी माऊस हातात घेतला होता. दोन माणसांच्या हातात एक बाण असला की तो असा थरथरतो. प्रिंटरची खिडकी सावकाश डावीकडे सरकली आणि त्या फाइलवर येऊन थांबली. "सापडला का ड्रायव्हर?" बाबांनी फोनवर विचारलं. "सापडला," मी म्हणालो.

(हे लिहू का, असं त्यांना विचारलं. "लिही, आता ते पक्कं झालंय," म्हणाले.)

परवानगी प्रिंटरपुरती होती. पण स्क्रीन प्रिंटरपुरती देता येत नाही, ती सगळीच द्यावी लागते. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस बैठकीच्या खोलीतूनच मोरीत जातो. म्हणून घरातलं कोणीतरी त्याच्याबरोबर चालतं. त्यात त्याच्यावर संशयच असतो असं नाही. घर आपलं असण्याची ती पद्धत आहे. त्या दिवशी बाबा माझ्याबरोबर चालत होते. मी पाहिलं हे त्यांना कळलं, त्यांना कळलं हे मला कळलं. कायमच्या पासवर्डने, ते दुपारी झोपलेले असताना मी आत गेलो असतो, तर फाइल न उघडताही त्यांची एक गोष्ट माझ्याजवळ राहिली असती आणि त्यांना त्याचा पत्ता नसता. पुढच्या दिवाळीत समोरासमोर जेवायला बसल्यावर आम्ही बरोबरीचे राहिलो नसतो. हे मला चोरीपेक्षा वेगळं पण तिच्या जवळचं वाटतं.

ताईचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. तिला भीती फसवणुकीची आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच प्रकारच्या एका ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं: ठग फोन करतात, ॲप घ्यायला लावतात, नऊ आकडी कोड मागतात, आणि मग यूपीआयवरून पैसे उडवतात. तू आधीच आत असलास तर लक्ष ठेवशील, असं ताई म्हणते.

लक्ष ठेवणं मात्र हेतूच्या हद्दीत राहत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा-जिल्ह्याने विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते आणि चोरीला गेलेला शोधता यावा म्हणून त्यांत लांबून कॅमेरा चालू करण्याची सोय ठेवली होती. विद्यार्थ्यांना आणि पालकांना ते नीट सांगितलेलं नव्हतं. २०१० साली खटला उभा राहिला तेव्हा निघालं, की घरातल्या मुलांचे फोटो आणि त्यांच्या स्क्रीनच्या प्रती धरून हजारो चित्रं शाळेच्या सर्व्हरवर जमली होती. त्याच वर्षी ६ लाख १० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटलं. सुरुवात लॅपटॉप जपण्यापासून झाली होती.

ताईच्या उदाहरणातला खरा काटा वेगळाच आहे, आणि तो माझ्याही बाजूला टोचतो. त्या ठगालासुद्धा परवानगी मिळालेली असते! 'ॲक्सेप्ट' तिथेही घरच्या माणसानेच दाबलेलं असतं. मग मी बटणाचं एवढं कौतुक का करतोय? मला वाटतं, बटण दाबलं गेलं का यापेक्षा, मध्येच नको म्हणता येतं का, हे विचारायला हवं. ठगाची सगळी मेहनत त्यासाठीच असते: फोन ठेवू नका, घाई करा, नाहीतर खातं बंद होईल. नको म्हणण्याची किंमत तो वाढवत नेतो. आता प्रामाणिकपणे पाहिलं तर बाबांनी मला नको म्हणण्याचीही किंमत आहेच. मुलगा दुखावेल, पुढच्या वेळी टाळाटाळ करेल, आणि प्रिंटर तर हवाच आहे. गरजू माणूस कुठलंही बटण दाबतो. म्हणून बाहेरची वाट उघडी ठेवायचं काम आत शिरणाऱ्याचं, म्हणजे माझं.

कायदा इथपर्यंत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये कॉम्प्युटरच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय आत शिरण्यावर भरपाई सांगितली आहे. बाबांच्या मशीनचे पैसे मी भरले, मग मालक कोण, यावर वकील बोलतील. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर एक सुंदर अट आहे: संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. पण व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्या कायद्यातून वगळला आहे. बरोबरच आहे. बापलेकांमध्ये सरकार कशाला? पण सरकार गेलं म्हणून प्रश्न जात नाही.

आपल्या घरांत विचारणं म्हणजे परकेपणा. आई सांगते, लग्नानंतर माहेरहून येणारं अंतर्देशीय पत्र आधी आजी फोडायची. मनात वाईट काही नसायचं, घरात आलेलं पत्र घराचं. आजीचं पत्र मात्र आईने कधी फोडलं नाही. 'आपल्यात कसली परवानगी' हे वाक्य दोन्ही बाजूंनी बोललं जातं, पण ते वापरता येतं ते वरच्या बाजूला असलेल्यालाच. माझ्या लहानपणी वर बाबा होते. माझं दप्तर, वह्या, निकाल, काहीही न विचारता उघडलं जायचं. आता पासवर्ड ज्याला ठाऊक तो घरातला कर्ता. दिवस फिरले म्हणून मी दप्तर उघडायला लागावं असं काही नाही.

तरी 'विचारतोस काय' यात माया आहे, हे मी नाकारत नाही. मी दर वेळी विचारतो तेव्हा बाबांना त्यात किंचित 'परका' ऐकू येतं, ते त्यांच्या आवाजात कळतं. तेवढं मी चालवून घेतो. जे मला सोडवता आलेलं नाही ते पुढचं आहे. उद्या त्यांची नजर गेली, हात चालेनासा झाला, किंवा ते हॉस्पिटलात असले आणि विम्याची कागदपत्रं त्या मशीनमध्ये असली तर? तेव्हा बटण दाबायला कोणी नसेल आणि माझं तत्त्व सगळ्यांच्या अंगाशी येईल.

यावर तोडगा बाबांनीच काढला. मी जोडलेला नसताना त्यांनी कायमचा पासवर्ड स्वतः टाकला, कागदावर लिहिला आणि गोदरेजच्या कपाटात विम्याच्या फाइलीत ठेवला. मला तो माहीत नाही. वेळ आली तर आई फोनवर वाचून दाखवणार. आईने तिची अट घातली आहे: वाचून दाखवीन, पण तुझं होईपर्यंत चष्मा लावून समोर बसून राहीन. मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळणार? ती म्हणाली, तुझा बाण कुठे जातो ते तर दिसेल.