कोण आलंय?

घरातलं म्हातारं माणूस शेवटच्या दिवसांत अंथरुणातून दाराकडे बघत म्हणतं, "अगं, आई आलीये, तिला आत घे." आई जाऊन चाळीस वर्षं झालेली असतात. कुणी म्हणतं, "धोतर काढून ठेव, गाडीची वेळ झाली." आपण पांघरूण सारखं करतो, "इथं कुणी नाही, पडून राहा" म्हणतो आणि बाहेरच्या खोलीत हळूच सांगतो, "वातात बरळताहेत."

अमेरिकेत बफेलो शहराजवळच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या ठिकाणी, डॉ. ख्रिस्तोफर कर् नवे होते तेव्हाची गोष्ट. एका रुग्णाला अँटिबायोटिक दिलं तर तो अजून काही काळ काढेल, असं त्यांना वाटत होतं. अनुभवी नर्सनं सांगितलं की तो आता जाणार, कारण त्याला त्याची वारलेली आई दिसायला लागली आहे. वैद्यकीच्या कुठल्याही पुस्तकात त्यांनी असं लक्षण वाचलं नव्हतं. रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्यांना मात्र ते ठाऊक होतं.

पुढे कर् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट रुग्णांनाच विचारायचं ठरवलं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 59 रुग्ण होते. त्यांतल्या 88 टक्के रुग्णांनी असं निदान एक स्वप्न किंवा दर्शन सांगितलं. जवळजवळ सगळ्यांना ते अगदी खरं वाटलं होतं. मृत्यू जवळ येत गेला तसतशी गेलेली माणसं जास्त दिसू लागली, आणि त्यांच्या दिसण्यानं रुग्णांना सर्वांत जास्त धीर आला. कुठेतरी निघायची तयारी चालली आहे, असंही पुष्कळांना दिसे.

वात झालेलं माणूस वेगळं असतं. ते घाबरंघुबरं होतं, सलाईनच्या नळ्या ओढतं, लेकीला ओळखत नाही. तिथे डॉक्टरला बोलवायलाच हवं. आई दिसलेलं माणूस लेकीला नावानं हाक मारतं आणि काय पाहिलं ते नीट सांगतं. या दोन्हींना एकच समजून झोपेचं औषध मागणं मला फार क्रूर वाटतं.

कर् यांनी सांगितलेली एक आई माझ्या मनातून जात नाही. सत्तरीतली बाई, भोवती तिची मोठी झालेली मुलं. ती अचानक उठून बसली आणि हातांचा पाळणा करून कुणाला तरी जोजवू लागली. मधूनच मुका घ्यायची, एक नाव घ्यायची. ते नाव मुलांनी कधी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची बहीण आली तेव्हा उलगडा झाला: ते तिच्या पहिल्या बाळाचं नाव होतं, पोटातच गेलेल्या. त्या दुःखाबद्दल ती जन्मभर अवाक्षर बोलली नव्हती.

तो मुलगा खरंच आला होता का, यावर भांडत बसायची मला गरज वाटत नाही. कर् स्वतःही परलोकाचा दाखला म्हणून हे मांडत नाहीत. तिचे हात रिकामे नव्हते, एवढं तिच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा घरात कुणी असं बोलू लागलं, तर "कुणी नाही" म्हणण्याआधी विचारून बघावं: कोण आलंय? काय म्हणताहेत? कुठं निघालाय? उत्तर तुटक येईल, मधे डोळा लागेल, पुन्हा सुरू होईल. सगळीच स्वप्नं गोड असतात असंही नाही. युद्धावर गेलेल्यांना युद्ध दिसतं, कुणाला जुना अपराध छळतो. असलं स्वप्न पडलेल्या माणसाला रात्री एकटं ठेवू नये. खुर्ची पलंगाला लावून बसावं आणि त्याला ते शेवटपर्यंत सांगू द्यावं.